दयेला सातबारा नसतो



आपल्या सभांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : आम्हाला दया नको, हक्क हवा. टाळ्या पडतात, सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात. पण दया म्हणजे नेमकं काय, आणि ती कीव, करुणा, सहानुभूती, अनुकंपा, मेहेरबानी यांच्याहून वेगळी कशी, असं कुणी उभं राहून विचारलं तर आपल्यातले चांगले बोलणारेही गडबडतात. शब्दकोश उघडावा तर तिथं घोटाळा वाढतोच. दया म्हणजे करुणा. करुणा म्हणजे दया. कीव म्हणजे दया. अनुकंपा म्हणजे पुन्हा दया. घाण्याचा बैल फिरावा तसं फिरून माणूस जागच्या जागी येतो. कोश करणाऱ्यांना हा फरक जाणवला नसावा, कारण त्यांच्यावर कुणी दया केलेली नसावी. ज्यांच्या अंगावर हे शब्द पडले त्यांना तो बरोबर कळतो. म्हणून हा लेख.

फरक ओळखायची एक साधी युक्ती आहे. वाक्य उलटं करून बघायचं.

'मालकानं मजुरावर दया केली.' हे वाक्य चालतं. आता उलटं करा : 'मजुरानं मालकावर दया केली.' ऐकणारा हसतो. का हसतो? कारण दया करायला हातात काहीतरी लागतं. कामावर ठेवणं-काढणं, भाकर देणं-न देणं, मारणं-सोडणं, यातलं काहीतरी ज्याच्या हातात आहे तोच दया करू शकतो. मेहेरबानी तशीच, कृपा तशीच, उपकार तसाच. हे सगळे शब्द 'वर' घेतात : त्याच्यावर दया, त्याच्यावर कृपा, त्याच्यावर मेहेरबानी. प्रेमसुद्धा 'वर' घेतं, हे खरं. पण प्रेम उलटं करता येतं. दया येत नाही.

कीव वेगळी. 'मला त्याची कीव येते' हे वाक्य मालक मजुराबद्दल बोलू शकतो आणि मजूरही मालकाबद्दल बोलू शकतो. कीव यायला सत्ता लागत नाही. आपण याच्यापेक्षा बरे आहोत एवढी भावना पुरते. म्हणून कीवेच्या पोटात तुच्छता बसलेली असते. 'त्याच्या अकलेची कीव येते' असं म्हणतो तेव्हा आपण त्याला मदत करायला निघालेलो नसतो. दया निदान हात हलवते. कीव नुसती तोंड वाकडं करून बघते.

सहानुभूती या शब्दाचा मूळ अर्थ चांगला. सह आणि अनुभूती. त्याला जे होतं ते त्याच्याबरोबर आपल्यालाही होणं. अनुकंपा त्याहून जोरकस : दुसरा कापायला लागला की त्याच्यामागं आपणही कापणं. पण पहिला शब्द निवडणुकीच्या लाटेत वाहून गेला आणि दुसरा सरकारी फायलीत जाऊन पडला. त्याचं पुढं सांगतो.

आणि हक्क? हक्काला भावनाच लागत नाही. बँकेतला कारकून माझ्या खात्यातले पैसे मला देतो तेव्हा त्याला माझी कीव आली पाहिजे, असं काही नाही. तो मनातून माझा द्वेष करत असेल तरी पैसे द्यावेच लागतात. कारण माझं नाव तिथं लिहिलेलं आहे.

नाव लिहिलेलं आहे, हीच इथली मुख्य गोष्ट. आणि ती समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरला जायला पाहिजे.

दिवेआगर म्हटलं की मुंबईच्या लोकांना समुद्र आठवतो, माड-पोफळीच्या वाड्या आठवतात, मोदकाचं जेवण आठवतं. १९९७ साली तिथल्या एका वाडीत पेटी सापडली, पेटीत सोन्याचा गणपती निघाला, आणि गाव प्रसिद्ध झालं. २०१२ साली तो चोरीला गेला तेव्हा आणखी प्रसिद्ध झालं. पण या गावातून त्याहून मोलाची एक चीज निघालेली आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. शिलाहार राजांच्या काळातले ताम्रपट इथं सापडले. त्यातला एक शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. मराठी भाषेतल्या तारीखवार जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे आज आपण ज्या भाषेत कविता लिहितो, घोषणा देतो, शिव्या देतो, तिच्या पहिल्यावहिल्या खुणांपैकी एक या किनाऱ्यावर तांब्यात कोरलेली आहे.

काय आहे त्या तांब्यात? ब्राह्मणांची नावं आहेत आणि सोन्याचा व्यवहार आहे. मराठी लिहायला लागली तीच मुळी कुणाचं काय आहे हे पक्कं करायला. त्या काळातल्या ताम्रपटांची तऱ्हा ठरलेली असे. राजा ब्राह्मणाला जमीन किंवा गाव देतो. त्याला दान म्हणायचं. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं असं लिहायचं. आणि शेवटी शाप घालायचा : ही जमीन जो परत घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन पडेल. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दगडावर गाढवाचं ओंगळ चित्र कोरायचं. त्या दगडाला गधेगाळ म्हणतात, आणि उत्तर कोकणात असे दगड जागोजाग उभे आहेत.

नीट बघा. याला दान म्हणतात. पण यात दयेचा अंश आहे का? राजाला ब्राह्मणाची कीव आली होती का? ब्राह्मण गयावया करत होता का? नाही. नाव लिहिलं, हद्द लिहिली, साक्ष लिहिली, मोडणाऱ्याला शिक्षा लिहिली. म्हणजे नाव दानाचं, पण गोष्ट हक्काची. वरच्याला मिळालं ते तांब्यावर मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

आणि त्याच गावात, गावकुसाबाहेर, आपल्या पूर्वजांना जे मिळालं ते कशावर मिळालं? तळहातावर. तेही हात खाली आणि देणाऱ्याचा हात वर, मध्ये अंतर राखून. शिळी भाकर, उरलेलं कालवण, मेलेलं जनावर, मढ्यावरचं कापड. सकाळी दिलं तर दिलं, संध्याकाळी नाही म्हटलं तर नाही. त्याचा ताम्रपट नाही. ते मोडणाऱ्याला किडा करणारा शाप नाही. म्हणून मी म्हणतो, दयेला सातबारा नसतो. जे लिहिलेलं नाही, जे मोडलं तर कुणालाच काही होत नाही, ज्यासाठी रोज नव्यानं हात पुढं करावा लागतो, ते दयेचं.

इथं आपले जुने लोक म्हणतील, अरे पण महारांचेही हक्क होते. बावन्न हक्क. बेदरच्या बादशहानं दिलेले. ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जात होती आणि म्हातारी माणसं ती अभिमानानं सांगायची. पण त्या बावन्नांत होतं काय, ते बघा. मेलेल्या जनावराचं कातडं, मढ्यावरचं वस्त्र, खळ्यातलं उरलंसुरलं, सणाची भाकर. आणि बदल्यात काम किती? अख्ख्या गावाचं, रात्रीबेरात्री, ऊनपावसात, सरकारचं वेगळं आणि पाटलाचं वेगळं. म्हणजे भिकेलाच हक्काचं नाव दिलेलं. माणसाला कायमचं वाकवून ठेवायचं असेल तर त्याच्या भिकेला हक्क म्हणा, तो ती सोडणार नाही. बाबासाहेबांनी हे ओळखलं. १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल बिल आणलं तेव्हा त्यांना सरकारशी झगडावं लागलंच, पण आपल्याच माणसांची या वतनावरची माया तोडायलाही झगडावं लागलं. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. बाबासाहेब तोवर नव्हते.

तेव्हा पहिला धडा असा की हक्क हा शब्द ऐकून भाळायचं नाही. त्यात काय मिळतंय, कुणाच्या मर्जीवर मिळतंय आणि सोडून जाता येतंय की नाही, हे बघायचं.

आता आपण मागत कसे आलो याचा इतिहास बघू. शब्दाशब्दानं तो बदललेला दिसतो.

रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. याच जिल्ह्यात महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीत नोकरी करून आलेले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक त्यांनी काढलं. पुढं इंग्रज सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी जो अर्ज तयार केला त्याचं नाव विनंतीपत्र. शब्द विनंतीचा. पण आतला सूर भिकेचा नव्हता. आम्ही तुमच्या पलटणीत नोकऱ्या केल्या, त्याचं काय केलंत, असा तो हिशेब होता. जोहार घालणारी पाठ इथं ताठ व्हायला लागलेली दिसते, पण तोंडातला शब्द अजून जुनाच आहे.

मग १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्याचं मराठी नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. शिंदे तळमळीचे माणूस होते, आपल्या वस्तीत येऊन राहिले, घरच्यांचा आणि जातीचा रोष त्यांनी पत्करला. त्यांच्या कामाला कमी लेखणारा मी कोण? पण तो शब्द बघा : निराश्रित. ज्याला आसरा नाही तो. आसरा का नाही? कुणी काढून घेतला? शब्द सांगत नाही. पुरात घर वाहून गेलं तरी माणूस निराश्रित, आणि गावानं हाकललं तरी निराश्रित. गुन्हेगार शब्दाबाहेर निसटून जातो आणि मागं नुसता बिचारा उरतो. बिचारा उरला की दया आलीच.

१९२४ साली बाबासाहेबांनी सभा काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ साली पत्र काढलं, 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकलेला. शब्द ऐकला की दुसऱ्या क्षणी प्रश्न येतो : कुणी टाकलं? दलित म्हणजे दळलेला, भरडलेला. पुन्हा तोच प्रश्न : जातं कुणाचं? या शब्दांत गुन्हेगार हजर असतो. उलट 'हरिजन' म्हटलं की सगळं गोड. देवाची माणसं. मग तुम्ही कुणाची? १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या असेंब्लीत हा शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक बाबासाहेबांसह सभागृहातून उठून गेले. काहींना वाटलं, एवढ्याशा शब्दासाठी कसला राग! पण नावात दया शिरली की कायद्यातही दयाच शिरणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता महाड. दिवेआगर आणि महाड आज एकाच जिल्ह्यात. त्या काळी मात्र श्रीवर्धन-दिवेआगर हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता, तो १९४८ मध्ये भारतात विलीन झाला. महाड इंग्रजी अमलात. म्हणून १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला तो महाडला लागू झाला : सरकारी पैशावर बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची, धर्मशाळेची ठिकाणं अस्पृश्यांना खुली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पण तीन वर्षं एका माणसाला तिथं ओंजळ बुडवता आली नाही.

दुसरा धडा इथं आहे. कागदावर नाव आलं म्हणजे हक्क झाला असंही नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी लोक रांगेनं तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग सगळ्यांनी घेतलं. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. ब्राह्मणाचं दान मोडणारा साठ हजार वर्षं किडा होतो. आपला ठराव मोडणाऱ्याचं काय झालं? काही नाही. डिसेंबरात पुन्हा परिषद. कोर्टाची मनाई आली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्यावर जाणं पुढं ढकललं, आणि लढाई कोर्टात गेली. ती संपली १७ मार्च १९३७ ला, हायकोर्टात. बंदीची प्रथा अनादि काळापासूनची आहे हे सवर्णांना शाबीत करता आलं नाही म्हणून आपण जिंकलो. अस्पृश्यता वाईट आहे असं काही कोर्ट म्हणालं नाही. कोर्टालाही आपली दया आलेली नव्हती. आणि ती आली नाही तरी तळं आपलं झालं.

महाडला आपल्याबरोबर सवर्णही होते. अनंतराव चित्रे होते, सुरेंद्रनाथ टिपणीस होते, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. डिसेंबरच्या परिषदेला हिंदूंकडून जागा मिळेना तेव्हा एका मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. याला काय म्हणायचं? दया? दया करणारा आपल्या जागेवर बसून करतो. हे लोक आपली जागा सोडून आले. त्यांच्या जातवाल्यांनी त्यांना जे ऐकवलं असेल ते त्यांनी ऐकलं. याला आपल्या भाषेत साथ म्हणतात. साथ 'वर' घेत नाही. ती 'ला' घेते, आणि देणाराही बरोबर चालतो.

पुण्याच्या करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारण करायला एक अखिल भारतीय संघ निघाला, तोच पुढं हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेजला बोटीनं निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला त्यांनी बोटीवरून संघाचे चिटणीस ठक्कर यांना एक लांब पत्र लिहिलं. प्रत्येक कार्यकर्त्यानं ते वाचावं. त्यात ते दोन वाटा दाखवतात. एक वाट अशी, की अस्पृश्याची दशा त्याच्या अवगुणांमुळं आहे, म्हणून त्याला दारू सोडायला शिकवा, अंघोळ शिकवा, शाळा-वाचनालय काढा. दुसरी वाट अशी, की त्याची दशा भोवतालच्या जुलमामुळं आहे, म्हणून गावागावांत विहीर, शाळा, रस्ता, नोकरी यांवरचे नागरी हक्क मिळवायची मोहीम काढा. पहिल्या वाटेनं जाणाऱ्याला कुणाशीच भांडावं लागत नाही. दुसरीनं जाणाऱ्याला आपल्याच गाववाल्यांशी भांडावं लागतं. संघानं पहिली धरली. पुढं १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी या कामाची झडती घेतली तेव्हा साफ म्हटलं की हा मायेनं मारायचा बेत आहे.

पण त्याच पत्राचा शेवट मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पृश्य-अस्पृश्यांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट कायदा नव्हे, ती प्रेम आहे, असं बाबासाहेब म्हणतात. बॅरिस्टर माणूस, आयुष्यभर कायद्यानं लढलेला, आणि प्रेमाची गोष्ट करतो! पण लगेच पुढं सांगतात की घराबाहेरच्या जगात हे प्रेम शक्य व्हायचं तर आधी न्याय पाहिजे, न्यायानंच त्याचं दार उघडतं. म्हणजे आपण दया नाकारतो ते आपल्याला माणसाची माया नको म्हणून नव्हे. दया न्यायाआधी येते आणि न्यायाची जागा अडवून बसते. एकदा पोट अर्धं भरलं की देणाराही समाधानी, घेणाराही गप्प.

आता थोडं आपल्या गिरणीचं. बोनस हा शब्द आपण किती सहज उच्चारतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी नफा अफाट झाला म्हणून कामगारांना जादा पैसे द्यायला सुरुवात केली. पुढं ते बंद केले. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले, मार्चपर्यंत टिकले. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांची कमिटी बसली आणि तिनं निकाल दिला की बोनसवर कामगारांचा रूढीनं, कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं कसलाच दावा नाही. म्हणजे मालकाची खुशी. बक्षीस. दयाच. १९६५ मध्ये कायदा झाला तेव्हा बोनस मालकाच्या खुशीतून निघून कामगाराच्या हिशेबात आला, आणि आज पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात. एकच रक्कम, एकच तिजोरी. शब्द बदलायला एकेचाळीस वर्षं लागली. मी ज्या खात्यात साच्यांवर उभा राहतो तिथंही दिवाळीआधी मुकादम असा तोरा दाखवतो की जणू स्वतःच्या बंडीतून काढून देतोय. जुनी सवय आहे. पण सही मी रजिस्टरवर करतो, त्याच्या पायावर डोकं ठेवत नाही.

याच गिरण्यांत आपल्या माणसांना विणाईच्या खात्यात घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे आणि उष्टं चालणार कसं! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. तेव्हा कामगाराबद्दल कळवळा असणाऱ्यालाही विणाई खात्यातला विटाळ दिसत होताच असं नाही. कळवळा खरा असला तरी आंधळा असू शकतो.

आणि अनुकंपा. नोकरीत असताना माणूस मेला की त्याच्या पोराला अनुकंपा तत्त्वावर नोकरी देतात. १९९४ साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ही नोकरी हक्क म्हणून मागता येणार नाही. ती अनुकंपाच. पण सफाई कामगाराच्या वारसाला मात्र लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात वारसा हक्कानं नोकरी मिळते. त्या घरांना ती लागते, ती तुटू नये, याबद्दल मला शंका नाही. पण हा खेळ बघा. कारकुनाच्या पोराला टेबल मिळतं ते अनुकंपेनं, आणि आपल्या पोराला झाडू मिळतो तो हक्कानं! बावन्न हक्कांची आठवण झाली की नाही?

आता कुणी विचारेल, मग करुणेचं काय? आपण बुद्धाची लेकरं, करुणा तर आपलीच. बरोबर आहे. पण मराठीत करुणा भाकतात. देवापुढं पदर पसरून भाकतात. भाकायची करुणा आणि बुद्धाची करुणा यांचं नाव एक, काम निराळं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेचा अर्थ माणसांवरचं प्रेम असा केला, आणि तिच्याही पुढं मैत्री ठेवली, सगळ्या जीवांपर्यंत जाणारी. शिवाय त्यांनी करुणेला प्रज्ञेपासून सुटं ठेवलं नाही. प्रज्ञा म्हणजे दुःखाचं कारण शोधणं. कारण न शोधता नुसतं हळहळणं ही करुणा नव्हे, ती कीव. वैद्य रोग्याकडे बघून रडत बसला तर रोगी मरतो.

बावीस प्रतिज्ञांत तर दया हाच शब्द आहे. प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचं लालनपालन करीन, अशी शपथ १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी घेतली. मग माझं वरचं सगळं म्हणणं खोटं पडलं का? मला तसं वाटत नाही. त्या प्रतिज्ञेत दया करणारा कोण आहे? आपण. हजारो वर्षं ज्याच्यावर फक्त दया केली जात होती तो त्या दिवशी पहिल्यांदा दया करणारा झाला, मुक्या जनावराच्या बाबतीत. जनावराला ठराव करता येत नाही, दावा लावता येत नाही, म्हणून त्याला दया लागते. माणसाला लागतो न्याय. माणसाला दयेवर ठेवणं म्हणजे त्याला जनावरांच्या यादीत घालणं, हेच तर महाडला नाकारलं. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, आपण नाही.

शेवटी पुन्हा दिवेआगरला येतो, कारण हा सगळा इतिहास तिथं अजून चालू आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. जुने माड मोडले, पोफळी काडीसारख्या पडल्या. नवी पोफळ लावून सुपारी धरायला वर्षं जातात. पंचनामे झाले. बागेची भरपाई कागदावर नोंद असलेल्या बागेला मिळते. ती पुरेशी होती की नव्हती हा बागवाल्यांचा भांडणाचा विषय, आणि ते भांडू शकतात, कारण त्यांच्या हातात उतारा आहे. पण त्या वाडीत शिंपणं करणारा, माडावर चढणारा, सुपारी सोलणारी बाई, यांची पुढच्या कितीतरी वर्षांची मजुरी त्याच झाडांबरोबर पडली. पंचनाम्यात तिला रकाना नाही. मालकाला मिळते ती नुकसानभरपाई. मजुराला मिळते ती मदत : तांदळाची पिशवी, ताडपत्री, आणि देताना काढलेला फोटो. वादळ एक, झाडं तीच, शब्द दोन. १०६० साली ज्याचं नाव तांब्यावर होतं आणि २०२० साली ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याला हक्क. दोन्ही वेळा ज्याचं नाव नव्हतं त्याला दया.

खोताच्या कुळाचंही हेच होतं. कसायचा तो, नाव खोताचं, राहायचं खोताच्या मर्जीवर. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन न कसता संप केला, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं, आणि १९४९ साली कायदा झाला. तेव्हा कुळांचं नाव कागदावर यायला लागलं. मजुराचं अजून यायचं आहे.

कुणी म्हणेल, भुकेल्याला तांदूळ मिळाला, त्याला मदत म्हणा की भरपाई, काय फरक? खरं आहे, भुकेल्यानं तांदूळ घ्यावा आणि शिजवून खावा. त्यात लाज नाही. आपण कार्यकर्त्यांनी मात्र तिथं थांबायचं नाही. यादी कुठं आहे, ती कुणी केली, कोणत्या नियमानं केली, आपल्या वस्तीतली किती नावं सुटली, हे विचारायचं.

तेव्हा पुढचं निवेदन लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. 'कृपा करून', 'मेहेरबान साहेबांनी', 'गरिबांवर दया दाखवून' हे शब्द खोडा. 'सवलत' लिहिलं असेल तिथं थांबा आणि ती सवलत आहे की कायद्यानं देणं आहे ते तपासा. कोणत्या कायद्यानं मागतो ते लिहा. प्रत्येक माणसाचं नाव लिहा, बाईचं नाव वेगळं लिहा, नवऱ्याच्या नावाखाली नको. तारीख घाला. पोच घ्या, पोचेवर शिक्का घ्या, आणि ती पोच वस्तीतल्या पोरांना वाचायला द्या. साहेब चांगला असेल तर बरंच आहे. साहेब वाईट असला तरी काम व्हायला पाहिजे, असं निवेदन लिहा.

जयभीम.